रूममेटसोबत राहताना शाकाहारी होण्याची तयारी

पुण्या-मुंबईत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तीन-चार जण मिळून फ्लॅट घेतात, तेव्हा भाडे, वीजबिल आणि गॅस यांच्याबरोबर जेवणही सामाईक होते. अशा घरात एखाद्याने मांसाहार सोडायचे ठरवले, तर निर्णय त्याच्या एकट्याचा असतो, पण स्वयंपाकघर सगळ्यांचे असते. म्हणून या निर्णयातून येणारी कामे, खर्च आणि थोडी गैरसोय ही निर्णय घेणाऱ्यानेच उचलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणालाही काही सांगण्यापूर्वी स्वतःची मर्यादा नक्की करावी. अंडी चालणार आहेत का? फोडी बाजूला काढून नुसता रस्सा घेणार का? ज्या कढईत काल चिकन झाले, तीच घासून वापरलेली चालेल का? या प्रश्नांची कोणतीही उत्तरे चूक नाहीत. मात्र ती दर आठवड्याला बदलत राहिली, तर सोबत राहणाऱ्यांना नेमके काय करावे हे कळेनासे होते.

सुरुवातीसाठी श्रावणासारखा काळ नाही. महिनाभर वशाट न खाण्याची सवय अनेक मराठी घरांत आधीपासूनच असते, त्यामुळे त्या महिन्यात कोणाला कारण सांगत बसावे लागत नाही. श्रावण संपल्यावर तोच क्रम पुढे चालू ठेवायचा. वारकरी संप्रदायात माळ घालून मांसाहार सोडणारी माणसे गावोगावी आहेत, आणि घरातले बाकीचे लोक मटण खात असताना ती त्याच पंगतीत आपली आमटी-भाकरी जेवतात. तेव्हा मोठेपणी आहार बदलणे आपल्याकडे मुळीच नवखे नाही.

रूममेटशी बोलताना मात्र फार जपावे. आपल्याकडे आहाराचा संबंध जातीशी जोडला जातो, आणि मांसाहारी असल्यामुळे घर नाकारले गेल्याचा अनुभव अनेक तरुणांच्या गाठीशी असतो. आपल्याच घरातला सोबती शाकाहारी झाला, की आता रविवारच्या मटणावरही बंदी येणार, अशी शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून पहिले वाक्य असे असावे: ‘मी खाणार नाही, तुमचे जसे चालले आहे तसे चालू द्या.’ फ्रीजमधील मासळीच्या वासाबद्दल नाक मुरडू नये आणि जेवताना प्राण्यांच्या हालांविषयी बोलू नये. कोणी स्वतःहून विचारले, तर अन्य वेळी मनापासून सांगावे.

व्यवहाराच्या गोष्टी लगेच ठरवाव्यात. महिन्याच्या कॉन्ट्रिब्युशनमधून चिकन-मासळीचा खर्च वेगळा काढून तो खाणाऱ्यांनी वाटून घ्यावा, आणि तुमच्यासाठी आणलेले पनीर सामाईक हिशेबात घालू नये. स्वयंपाकाला मावशी येत असतील, तर त्यांच्याशी स्वतः बोलावे. रोज वेगळी भाजी करायला सांगणे म्हणजे त्यांचे काम वाढवणे होय. त्याबद्दल जादा पैसे द्यावेत किंवा मांसाहाराच्या दिवशी स्वतःची उसळ स्वतः करावी. एक छोटी कढई, एक पळी आणि फ्रीजचा वरचा कप्पा एवढे वेगळे ठेवले, तरी पुरते.

शाकाहार मोडतो तो बहुधा रात्रीच्या भुकेने, आणि घरात नुसता बटाटा असल्यामुळे. ज्याला झणझणीत रश्शाची सवय आहे, त्याला वरण-भातावर महिनोन्‌महिने ढकलू नये. रश्शाची बरीचशी चव कांदा-खोबरे भाजून केलेल्या वाटणात आणि गरम मसाल्यात असते; तेच वाटण काळ्या वाटाण्यांना, कच्च्या फणसाला, अळंबीला किंवा सोयाबीनच्या वड्यांना लावावे. मालवणी घरांत काळ्या वाटाण्याचे सांबार वड्यांबरोबर पूर्वापार खाल्ले जाते, आणि त्यात कसलीही उणीव भासत नाही. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली, की साधारणपणे दुसऱ्या दिवशीच्या उसळीला मोड तयार असतात. वेळच नसेल, तर पिठले पंधरा मिनिटांत होते.

पोषणाचा हिशेब एकदा नीट मांडावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात १०० ग्रॅम कोरडी कडधान्ये किंवा डाळी (सुमारे २२ ग्रॅम प्रथिने), चार पोळ्या (सुमारे ११), पाव लिटर दूध (सुमारे ८) आणि मूठभर शेंगदाणे (सुमारे ७) घेतले, की हा आकडा जवळपास गाठला जातो. उसळीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. खरी काळजी बी-१२ जीवनसत्त्वाची घ्यावी, कारण ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे दूध-दही नियमित असावे. शरीरातील साठा हळूहळू संपतो आणि कमतरता उशिरा कळते, म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासावे. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा सतत थकवा वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू कराव्यात.

पाकिटबंद पदार्थांवर हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका पाहावा. जिलेटिनच्या गोळ्या आणि काही सूप यांत नकळत प्राणिजन्य घटक असतात. चायनीजच्या गाडीवर एकाच कढईत सारे परतले जाते, तेव्हा कढईबाबत स्वतः ठरवलेली मर्यादा तिथे आठवावी. थाई पदार्थांत माशांचा सॉस असू शकतो, त्यामुळे मागवण्यापूर्वी विचारावे.

सुट्टीला गावी जाण्यापूर्वी आईला फोनवर हे सांगून ठेवावे. ताट समोर आल्यावर नकार दिला, तर तिच्या मनाला लागते. वेगळा स्वयंपाक करायला सांगू नये. मटणासाठी केलेल्या वाटणातले वाटीभर आधीच बाजूला काढून ठेवायला सांगावे, आणि भिजवलेले वाटाणे त्यात स्वतः शिजवावेत.