मोहरी, शिसं आणि आपली काळी माती

झाडं लावून मातीतलं शिसं काढायचं, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. त्यासाठी मी मोहरी निवडली. वाचलेल्या निम्म्या पेपरांत तीच होती. जळगावजवळच्या एका नाल्याकाठची माती आणली, चोवीस कुंड्या भरल्या आणि फेब्रुवारीत बी टाकलं. खानदेशात वाढून ही चूक! मोहरी रब्बीची. मार्चच्या उन्हात रोपं वीतभर असतानाच फुलावर आली नि वाळली. आजीला विचारलं असतं तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर कळला असता.

दुसऱ्या वर्षी मोहरी जोमात आली, शिसं मात्र पानांत चढेना. मातीतल्या एकूण शिशाचा आकडा मोठा होता, पण तो आकडा झाडाच्या कामाचा नाही. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीत शिसं कार्बोनेट, फॉस्फेट आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. मुळांना मिळतं ते पाण्यात सुटलेलं, तेही जेमतेम. म्हणून झाड ठरवण्याआधी डीटीपीए चाचणी करा, म्हणजे मुळांना मिळू शकेल इतकाच धातू मोजा. लिंडसे आणि नॉरवेल यांची १९७८ची ही पद्धत चुनखडीच्या मातीसाठीच आहे. ईडीटीए हे धातूला धरून ठेवणारं रसायन टाकलं की शिसं मातीतून सुटतं, हे खरं. पण झाडानं न उचललेलं पाण्याबरोबर खाली झिरपतं. शेजारी विहीर असेल तर मी तरी टाकणार नाही.

नमुने घेताना पत्र्याची बादली वापरू नका. तिच्यावर जस्ताचा थर असतो आणि जस्ताचे आकडे विनाकारण फुगतात. पानंही नीट धुवा, नाहीतर धातू मोजणारं एएएस मशीन धूळच मोजतं. या दोन्ही चुका माझ्या नावावर आहेत.

आता थोडा हिशेब. एका हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २,००० टन. त्यातून किलोमागे १० मिलिग्रॅम धातू कमी करायचा म्हणजे २० किलो बाहेर काढायचा. समजा, हेक्टरी ४ टन सुकं पीक निघालं आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम धातू चढला, तर एका पिकात ४०० ग्रॅम निघतो. म्हणजे पन्नास पिकं! मुलाखतीत कुणी 'झाडं माती साफ करतात' म्हणालं की मी हा हिशेब मांडते. धातू काढणं जमण्यासारखं नसेल तिथं वाळा लावून तो जागीच थोपवणं जास्त शहाणपणाचं, पण प्रोजेक्टच्या नावात 'निर्मूलन' शोभतं ना.

शेवटची कापणी चालू असताना नाल्यापलीकडच्या एक मावशी आल्या. हिरवीगार मोहरी बघून म्हणाल्या, "बाई, हाई भाजी खावानी शे का?" मी जवळजवळ ओरडलेच. ही मोहरी गुरांना नाही, शेणखताच्या खड्ड्यात नाही, उघड्यावर जाळायचीही नाही. राखेत धातू आणखी दाट होतो. पीक कुठं जाणार हे पेरणीआधीच गाइडना विचारा. माझी दोन पोती अजून प्रयोगशाळेच्या माळ्यावर पडून आहेत.