देवाधर्मावर वाद घालताना पुरावा कुणाकडं मागायचा
आपल्याकडं बीड-परभणीत पारावर वाद पेटला की आधी विचारा, नेमकं म्हणणं काय? 'माझी विठोबावर श्रद्धा आहे' याला पुरावा मागूच नका, तो त्या माणसाचा आधार असतो. पण 'बाबा मंत्रानं सापाचं विष उतरवतो' म्हणलं की तो दावा झाला, पुरावा तसं म्हणणाऱ्यानंच द्यायचा. 'तूच खोटं करून दाखव' म्हणला तर अडकू नका, शांतपणे विचारा, साप विषारी होता हे कुणी पाहिलं, कारण बरेच साप बिनविषारी अन् विषारी चावला तरी दरवेळी विष भरतंच असं नाही, माणूस वाचला की क्रेडिट बाबाला. पेशंट समोर असंल तर वाद सोडा, सरकारी दवाखाना गाठा, उपचार अडवून मंत्र घालणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाय. अन् 'देव नाहीच' असं ठासून म्हणलात तर पुरावा तुम्हालाच मागतील, तो द्यावा लागंल.