बाजार भरवला, पण हिशेब कोणी केला? नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी

खानदेशातल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झालात आणि तिसरी ते पाचवीचं गणित वाट्याला आलं, की ‘गणित परिसराशी जोडा’ हे वाक्य कानावर येणारच. मग शाळेत बाजार भरतो. पोरं भेळ, भाजी, लिंबू सरबत विकतात, गावातली मंडळी कौतुकानं येतात, फोटो निघतात. सुटे पैसे मात्र शेजारी उभी असलेली आई मोजून देते. अशा बाजारात मजा भरपूर, गणित जेमतेम. परिसरातला प्रश्न उचललात तर तो वहीत उतरेपर्यंत सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

कापूस घ्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि वर्गातल्या कितीतरी पोरांच्या आया वेचायला जातात. यंदाचा भाव पोरांनाच विचारा. ‘कितलाले किलो?’ असं अहिराणीत विचारलंत तर मागच्या रांगेतलाही तोंड उघडतो. समजा ९ रुपये सांगितले आणि आईनं ३८ किलो वेचला. फळ्यावर उभी मांडणी करायच्या आधी तोंडी करू द्या. कोणीतरी म्हणतंच, ‘चाळीसचे ३६०, त्यातून दोन किलोचे १८ काढले.’ ही रीत उभ्या गुणाकाराच्या शेजारी लिहा आणि दोन्हीकडं ३४२ का आले, ते पोरांकडून वदवून घ्या. यात अख्खा तास गेला तरी जाऊ द्या, अभ्यासक्रम मागं पडत नाही.

यावल-रावेरकडं नेमणूक झाली तर केळी आहेच. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. सुतळीनं मैदानावर ३३ फुटांची एक ओळ आखा आणि दर ५ फुटांवर केळीच्या रोपाऐवजी एक खडा ठेवायला सांगा. वहीतला भागाकार ६ सांगतो, बाकी ३. जमिनीवर खडे मात्र ७ निघतात, कारण पहिला खडा शून्यावर बसलेला असतो! इथं भांडण झालं पाहिजे. शेतकऱ्याचं एखादं पोरगं मध्येच म्हणेल, ‘सर, बांधाला खेटून कोण लावतं?’ मग दोन्ही टोकांना ४-४ फूट सोडून बघा, ६ खडे येतात. आता मधल्या जागा किती, हे विचारा.

श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या, असतात. बऱ्याच घरांत पुरुषमाणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात. पाच जण असतील तर सव्वासहा मुठी. इथं सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, कामाला येते. गावात पावकी-दिडकी (पावाचा, दीडाचा पाढा) पाठ असलेले एखादे आजोबा असतील तर त्यांना वर्गात बोलवा. मुली ‘आमच्या नावाचं का नाही?’ विचारतील. विचारू द्या. त्यांची नावं धरूनही हिशेब करायला लावा.

चाळीसगाव जवळ असेल तर सहल पाटणादेवीला न्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची नोंद तिथल्याच पाटणच्या शिलालेखात आहे. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढं आणला. हे सांगितलं की पोरं जांभया देतात, म्हणून तिथंच झाडाखाली बसवून भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं उदाहरण घाला. ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, त्या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एकटा भुंगा हवेत घुटमळत राहिला. एकूण किती?

बीजगणित नको. पिशवीभर सरकी सोबत न्या. ५ नं आणि ३ नं दोन्हींनी भाग जाईल अशी रास हवी, हे पोरांना लवकर उमगतं आणि ती १५ वर येतात: ३, ५, ६ आणि उरलेला १. पाचवीतली पोरं पुढं ३० सरक्या घेऊनही बघतात, मग दोन भुंगे उरतात. चौथीला तो तिपटीचा भाग जड जातो. फरक तुम्हीच काढून दिलात तरी बिघडत नाही.