दोनदा खाताय की सहादा? वजन हलत नसेल तर या चुका टाळा

२०१८-१९ च्या सुमारास आमच्या घरात दोन पक्ष होते, सासूबाई दीक्षित आणि मी दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या दर दोन तासांनी थोडं थोडं खा. सहा महिने दोघी इमाने इतबारे करत होतो, निदान तसं वाटत तरी होतं, आणि शेवटी त्यांचं वजन जिथल्या तिथे नि माझं दीड किलो वर. मग एकदा बसून काय काय पोटात गेलं ते लिहून काढलं तेव्हा दोघींची चोरी पकडली गेली.

आधी माझी. "थोडं थोडं" म्हणजे किती हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ११ वाजता शेंगदाणे, ४ ला चिवडा, ६ ला फळ, आणि दुपारच्या तीन पोळ्या तशाच चालू. शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे ३० ग्रॅमची एक मूठ १७० च्या आसपास, आणि माझी मूठ काही एकदाच डब्यात जात नव्हती. सहादा खायचंय ना, मग जेवणातलंच तोडून खा. दुपारी दोनच पोळ्या, तिसरी भाजीत गुंडाळून साडेचारला. वरचं खाणं वाढवायचं आणि जेवण तेवढंच ठेवायचं, मग वजन कशाला उतरेल हो?

यात एक समज फार घट्ट बसलाय की दर दोन तासांनी खाल्लं की मेटाबॉलिझम पेटून उठतं, चुलीत लाकूड सारत राहावं तसं. अन्न पचवायला शरीर साधारण १० टक्के कॅलरी खर्च करतं, म्हणजे १८०० खाल्ल्या तर १८० वगैरे, मग त्या दोन ताटांत खा नाहीतर सहा वाट्यांत. २०१० मध्ये कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात काहींना तीन वेळा आणि काहींना तीन जेवणं अधिक तीन खाणी असं ८ आठवडे दिलं, कॅलरीतली कपात दोन्हीकडे सारखीच, आणि वजनात काही फरक दिसला नाही.

आता सासूबाई. मोबाइलवर ५५ मिनिटांचा टायमर लावून बसायच्या आणि पन्नासाव्या मिनिटाला "अजून पाच मिनिटं आहेत गं" म्हणून शिऱ्याची वाटी ओढायच्या :) खरी भूक लागेल तेव्हाच जेवा ही दीक्षितांची पहिली अट बहुतेक लोक विसरतात, त्यांच्या लक्षात राहतं फक्त घड्याळ. शिवाय चहा. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा असंच काही चालतं, पण "चहा काय खाणं आहे का?" म्हणत दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर. चाळीसेक ग्रॅम साखर झाली, १६० कॅलरी, दूध वेगळं.

दोनदा खाण्याने काहीच होत नाही असं मात्र नाही. प्रागमध्ये टाइप २ डायबेटिसच्या ५४ लोकांवर केलेला अभ्यास २०१४ ला आला, कॅलरी सारख्याच, १२ आठवडे सहा वेळा आणि १२ आठवडे दोनदा, तर सहामध्ये सरासरी २.३ किलो उतरले आणि दोनमध्ये ३.७. सासूबाईंनी हे वाचलं असतं तर मला सोडलं नसतं. पण ती दोन जेवणं नाश्ता आणि दुपारचं होतं, आपण दुसरं जेवतो रात्री साडेनऊला सिरीयल संपल्यावर, वर मुलांच्या ताटातलं उरलेलं कारण अन्न टाकवत नाही. (उपासाचं तर बोलायलाच नको, एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाणा खिचडी दोनदा घेऊन वजन विचारायचं.)

एक गोष्ट मात्र मस्करीत घेऊ नका. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मनानेच जेवण गाळू नका, शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, चक्कर, माणूस बेशुद्धही पडतो. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढती मुलं यांनी असले प्रयोग करूच नयेत.

बाकीच्यांनी वजन अडकलं की पॅटर्न बदलायच्या आधी तीन दिवस सगळं लिहा, एक दिवस रविवार धरून, फोडणीचं तेल आणि चव बघताना तोंडात टाकलेलंसुद्धा. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरीचा असतो, तो कोणीच मोजत नाही. आणि रोज काट्यावर चढू नका, आदल्या दिवशी पापड-लोणचं झालं की नुसत्या पाण्यानेच किलोभर वर दिसतं, आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, तोच काटा.

मी आता तीनदा खाते, मला ऑफिसच्या वेळेत तेच जमतं. सासूबाई दोनदाच, पण रात्रीचं साडेसातला आणला, चहा दोन कपांवर बिनसाखरेचा, आणि चार महिन्यांत तीन किलो गेले. श्रेय अर्थात टायमरला देतात.