'हाल्ब फीअर' म्हणजे किती वाजले?

जर्मन भाषेची बी१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन जेमतेम महिना झाला होता आणि हाम्बुर्गच्या क्लायंटबरोबरच्या पहिल्याच कॉलला मी तासभर उशिरा उगवले. त्यांनी वेळ दिली होती 'हाल्ब फीअर'. फीअर म्हणजे चार, हाल्ब म्हणजे अर्धा, म्हणून मी साडेचार धरले. जर्मन माणसाच्या लेखी मात्र चार व्हायला अर्धा तास बाकी आहे, म्हणजे साडेतीन! रडकुंडीला आले होते. लोकलमध्ये डोकं शांत झाल्यावर सुचलं, आपलं 'पावणेचार' तरी काय वेगळं आहे? तिथे आपणही न वाजलेल्या चाराचंच नाव घेतो. इतकी वर्षं पावणेचारचा चहा पितेय, पण हे कधी जाणवलं नव्हतं.

मी डोंबिवलीची. शनिवार-रविवार सीएसएमटीला उतरून काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, क्लासला जायचे. नव्याने शिकणाऱ्यांना पहिलं सांगणं हे की मराठी घरी ठेवून जाऊ नका. एकवीसला जर्मनमध्ये 'एक आणि वीस' म्हणतात, एकक आधी. इंग्रजीतून मोजणारे तिथे अडखळतात, आपल्याला ते सरळ जातं. (एकोणतीसला मात्र ते 'नऊ आणि वीस' म्हणतात, तिथे आपलाच कारभार तिरपा.) लिंगंही तीन आहेत, पण मराठीची लिंगं उधार घेऊ नका. आपला चमचा तो, काटा तो, सुरी ती. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी चक्क नपुंसकलिंगी. नपुंसकलिंगी नामाआधी 'डास' लागतो, यावर पहिले दोन आठवडे आमचा वर्ग हसत होता. नाम पाठ करताना डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), डास सकटच करा. मी आधी नुसते शब्द घोकले आणि ए२ला, म्हणजे बी१च्या आधीच्या पातळीला, सगळं पुन्हा करावं लागलं.

खरी गंमत 'वीअर' या शब्दाची. वीअर म्हणजे आम्ही, आणि वीअर म्हणजेच आपणही. एकदा मेल आला: वीअरला माल पुढच्या आठवड्यावर ढकलावा लागेल. साहेबांनी मराठीत विचारलं, "काय म्हणतायत?" आणि मी अडकले. 'आम्हाला' म्हटलं तर उशीर त्यांचा. 'आपल्याला' म्हटलं तर जबाबदारीत आम्हीही आलो, आणि गोदामाच्या जादा भाड्यातही. मराठी तोंड उघडायचं तर बाजू निवडावीच लागते, जर्मनमध्ये ती मोघम ठेवता येते. इंग्रजीतही तसंच आहे, पण तोवरचे सगळे मेल मी 'वुई' वाचून पुढे जायचे, थांबायचे नाही.

नोकरीचं म्हणाल तर बी१वर फार भिस्त ठेवू नका; जाहिरातींत बहुतेकदा त्याच्या वरची बी२ मागतात. बी१ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि ते सुटे सुटे देता येतात. माझं श्रवण कच्चं होतं, ते मी शेवटी दिलं.

त्या मेलला मी उलट विचारलं, वीअर म्हणजे तुमची कंपनी की आपण दोघं? अर्ध्या तासाने एका ओळीचं उत्तर आलं: "फक्त आम्ही. भाडं आमच्याकडे लावा."