कप, औंस की ग्रॅम? परदेशी रेसिपीतल्या मापांच्या या चुका टाळा

रेसिपी तंतोतंत पाळूनही केक कोरडा झाला, वर भेगा पडल्या, तर ओव्हनला बोल लावण्याआधी कप तपासा. अमेरिकी कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०, ब्रिटनच्या जुन्या पुस्तकांतला २८४. घरातला चहाचा कप यांपैकी कुठलाच नव्हे. म्हणून पुस्तक कुठल्या देशातलं, ते आधी बघा. टेबलस्पूनही ऑस्ट्रेलियात २० मिलीचा, इतरत्र बहुतेक १५ चा. पोह्यांचा चमचा नेमका किती भरतो हे बघायचं तर वजनकाट्यावर वाटी ठेवून दहा चमचे पाणी ओता आणि आकड्याला दहाने भागा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली.

खरा घोळ मैद्याचा. कप थेट डब्यात खुपसला की मैदा दाबला जातो आणि १५० ग्रॅमपर्यंत जातो. चमच्याने अलगद भरून सुरीने वरचा सपाट केला तर १२०-१२५. दोन कप मैद्याच्या केकमध्ये हाच फरक ५० ग्रॅमवर जातो, मग केक कोरडा होणारच. मैदा कपाने मोजू नका, काट्यावर घ्या. आणि एकच कोष्टक सगळ्याला लावू नका: कपभर साखर २०० ग्रॅम, लोणी २२७, निफाडकडचे बेदाणे साधारण १५०. अमेरिकी बटरची ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची असते. आपलं १०० ग्रॅमचं पाकीट कमी पडतं, शिवाय ते बहुधा खारट, तेव्हा वरून मीठ घालू नका.

औंस दोन प्रकारचे. वजनाचा २८ ग्रॅमचा, द्रवाचा मात्र आकारमानाचा. आठ औंस मध वजनाने २२७ ग्रॅम, मापाने घेतला तर ३४० च्या आसपास!

पुस्तकात ग्रॅम आणि औंस दोन्ही दिले असतील तर शेवटपर्यंत एकाच रकान्यात राहा. सोयीसाठी औंस कुठे २५ ग्रॅमचा धरतात, कुठे ३० चा. सरमिसळ झाली की प्रमाण बिघडतं. बेकरीत ‘एक पौंडाचा केक’ म्हणजे अर्धा किलो धरून चालतो, रेसिपीत पौंड ४५४ ग्रॅमचाच.

रेसिपीत ओव्हनचं तापमान ३५० दिलंय आणि आपल्या बटणावर तो आकडा दिसत नसेल, तर ते फॅरनहाइट आहे. १७५-१८० सेल्सिअस लावा.

टिन नाशिकच्या भांडी बाजारातही इंचांतच मागायचा. पण आठऐवजी नऊ इंची गोल टिन घेतला तर तळ सव्वापट मोठा होतो, केक बसका होतो आणि लवकर वाळतो. अशा वेळी वेळ संपायच्या दहा मिनिटं आधीच सुरी टोचून बघा.

एक अपवाद: सोडा, यीस्ट काट्यावर घेऊ नका. घरगुती काटा एक-दोन ग्रॅम नीट दाखवत नाही; तिथे ५ मिलीचा मापाचा चमचाच बरा.