हार्ट अटॅकनंतर घरी आल्यावर धोक्याची लक्षणं कशी ओळखावीत?

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसला, पेशंट घरी आला, की संकट टळलं असं घरच्यांना वाटतं. पण अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग निकामी झाला, ती जखम भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. या काळात घरच्यांनीच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, कारण पेशंट बहुधा ‘गॅस झालाय’ म्हणून विषय संपवतो.

सुरुवात वजनापासून करा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. ३ दिवसांत २ किलो वाढलं तर ते खाण्यापिण्यामुळे नव्हे; बहुधा अंगात पाणी साठतंय, हृदयाचं पंपिंग कमी पडतंय. नडगीवर अंगठा दाबून बघा. खड्डा राहिला तर सूज आहे. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

मग रात्रीचं विचारा, आणि खोदून विचारा. आडवं झाल्यावर दम लागतो का? उशा वाढल्यात का? झोपेतून गुदमरून उठून बसावं लागतं का? फुप्फुसात पाणी साठू लागलं की असं होतं. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा गुलाबी, फेसाळ थुंकी पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात किंवा गोव्यात असाल तर लगेच १०८ ला फोन करा.

छातीत दुखलं तर आधी खाली बसवा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवायची. उभ्यानं घेतली तर बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. ५ मिनिटांत थांबलं नाही, तर १०८. मधुमेह असलेल्यांची छाती दुखेलच असं नाही, नुसता घाम, मळमळ किंवा धाप असते. त्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. श्वास घेताना टोचणारं आणि पुढे वाकल्यावर कमी होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं असू शकतं, पण तो निवाडा घरी करू नका.

धडधडून शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर थेट १०८.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढण्यापूर्वी कुणी त्या थांबवायला सांगितल्या, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.